माती ओळखायची कशी? बरणी एक सांगते, बोटं दुसरंच

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. घरामागच्या मोकळ्या तुकड्यात झाडं लावायची आहेत. त्याआधी माती कुठल्या प्रकारची आहे ते समजून घ्यावं म्हणून दोन आठवडे वाचतेय, करून बघतेय आणि आता पार गोंधळलेय.

आधी बरणीचा प्रयोग केला. वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खालची माती घेतली, खडे आणि मुळं काढून टाकली. सरळ काठाच्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण घट्ट लावून खूप हलवली आणि ठेवून दिली. अर्ध्या तासात पाणी इतकं नितळ झालं की बरणीपलीकडची खिडकी दिसायला लागली. मोजपट्टी लावली. सगळे थर मिळून १० सेंमी. तळाचा जाड थर ६, मधला ३, वरचा १. म्हणजे वाळू ६० टक्के, गाळ ३०, चिकण १०. तक्त्याप्रमाणे हा वाळूसर पोयटा, निचऱ्याला उत्तम.

मग त्याच मातीची ओली गोळी करून अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढली. ती ६ सेंमी लांब झाली, तेव्हा कुठे तुटली! हे तर चिकणमातीचं लक्षण. शिवाय पाऊस येऊन गेला की तिथे दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी साचलेलं असतं.

बरणीचं ऐकू की बोटांचं?

ढेकूळ
रंग कसा आहे? काळी असेल तर भारी जमीन, डोळे झाकून लिहून घ्या.

पाऊलवाट
गडद तपकिरी. ओली झाली की काळसर दिसते.

मायक्रॉन
ढेकूळ, रंगावर जाऊ नका. काळा रंग कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा असू शकतो, मूळ खडकातल्या खनिजांचा असू शकतो. लाल-पिवळा रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो. काळी वाळूही असते आणि पांढरीशुभ्र चिकणमातीही असते. पोत ठरतो तो फक्त कणांच्या आकारावरून.

आकारांचा हिशोब एकदा लिहून ठेवतो, पुढे लागेल. २ मिमीपेक्षा मोठं ते सगळं खडे-गोटे, पोत काढताना ते धरतच नाहीत. २ मिमी ते ०.०५ मिमी वाळू. ०.०५ ते ०.००२ मिमी गाळ. त्याहून बारीक ते चिकण कण. ही अमेरिकी कृषी खात्याची पद्धत. आंतरराष्ट्रीय पद्धतीत वाळू आणि गाळ यांच्यातली रेघ ०.०५ ऐवजी ०.०२ मिमीवर आहे. त्यामुळे एकाच मातीच्या दोन अहवालांत गाळाचा आकडा वेगवेगळा दिसला तर लगेच प्रयोगशाळेला दोष देऊ नका, आधी पद्धत कुठली ते विचारा. आम्ही बांधकामवाले तर ७५ मायक्रॉनची, म्हणजे ०.०७५ मिमीची, चाळणी लावतो. वर राहिली ती वाळू, खाली गेलं ते बारीक.

शेवाळ
एवढ्याशा आकड्यांतला फरक डोळ्यांसमोर येत नाही हो.

मायक्रॉन
असं बघा. चिकण कण, तोही त्यातला सगळ्यात मोठा, फुगवून टाचणीच्या डोक्याएवढा, म्हणजे १ मिमी केला असं समजा. त्याच पटीत गाळाचा सगळ्यात जाड कण होईल २५ मिमी, मोठ्या गोटीएवढा. आणि वाळूचा सगळ्यात जाड कण होईल १ मीटर, म्हणजे कमरेला लागेल एवढा धोंडा. हे तिन्ही एकाच मुठीत असतात!

शेवाळ
आता आलं डोळ्यांसमोर. टाचणी, गोटी, धोंडा. हे विसरणार नाही.

तळहात
मृदा सर्वेक्षणात माझी तीस वर्षं गेली. रोज खड्ड्यात उतरायचं, थराथराची माती हातात घ्यायची आणि वहीत पोत लिहायचा. तेव्हा बोटांची बाजू मी मांडतो. मात्र बोटांची परीक्षा बरेच जण घाईत करतात, तिथेच चुकतं.

लिंबाएवढी माती घ्या. खडे काढा. पाणी थेंबाथेंबाने घाला आणि मळत राहा. घड्याळ लावून किमान दोन मिनिटं. पाणी एवढंच की गोळी बोटांना लागेल पण चिकटून राहणार नाही. जास्त झालं तर थोडी कोरडी माती घाला. आता मूठ वळा. गोळा झालाच नाही, उघडल्याबरोबर विसकटला, तर वाळू. गोळा झाला पण पट्टी निघत नाही, तर किंचित चिकण असलेली वाळू. पट्टी निघत असेल तर ती तर्जनीवरून हवेत पुढे जाऊ द्या, स्वतःच्या वजनाने तुटेपर्यंत. अडीच सेंमीच्या आत तुटली तर पोयटा. अडीच ते पाच, तर चिकण पोयटा. पाचच्या पुढे गेली तर चिकणमाती.

हे झालं अर्धं काम. उरलेलं असं. त्यातली चिमूटभर माती तळव्यावर घ्या, भरपूर पाणी घालून दुसऱ्या हाताच्या बोटाने घासा. खरखर ठळक असेल तर नावाआधी 'वाळूसर' लावायचं. खरखर अजिबात नाही, पिठासारखं मऊ लागतं, तर 'गाळसर'. दोन्ही सारखंच, तर काही लावायचं नाही. लांबीवरून चिकण कण कळतात, घासण्यावरून वाळू आणि गाळ. सहा सेंमीची पट्टी निघाली असेल तर ताई, तुमची माती चिकणमातीच आहे. माझा हात असता तर मी तेच लिहिलं असतं.

पाऊलवाट
काका, घासून बघितलं. खरखर आहे पण थोडी. मऊपणाही आहे. म्हणजे मधलंच काहीतरी.

नवपालवी
काका, हे 'पोयटा' प्रकरण एकदा सोडवा ना. काही ठिकाणी पोयटा म्हणजे वाळू, गाळ, चिकण यांचं मिश्रण असं वाचलंय. काही ठिकाणी 'वाळू, पोयटा, चिकण' अशी तीन नावं असतात, म्हणजे मधल्या आकाराच्या कणालाच पोयटा म्हटलंय. मी तर दोनदा चुकीचं समजून बसले होते.

तळहात
दोन्ही वापर आहेत आणि त्याने खरोखर घोळ होतो. या धाग्यापुरतं कणाला गाळ म्हणू आणि मिश्रणाला पोयटा.

आणखी एक गंमत. पोयटा म्हटलं की तिन्ही सारखे, असं वाटतं. तसं नाही. पोयट्यात चिकण कण ७ ते २७ टक्केच असतात. आणि चिकण कण ४० टक्क्यांवर गेले की साधारण मातीचं नावच चिकणमाती होतं, बाकीचे ६० टक्के दुसरं काही असलं तरी. कारण चिकण कण वजनाने कमी असले तरी वागणूक तेच ठरवतात.

प्रश्नचिन्ह
मी विद्यार्थी आहे, शंका विचारतो. गाळही डोळ्यांना दिसत नाही, चिकण कणही दिसत नाही. मग फक्त थोडा लहान म्हणून एवढा फरक कशाला पडावा? गाळ हा जाडा चिकण कण नाही का?

मायक्रॉन
फार चांगला प्रश्न आहे, कारण इथे आकाराबरोबर जातही बदलते. वाळू आणि गाळ हे बहुतांशी फुटलेल्या दगडाचे तुकडे, जास्त करून क्वार्ट्झ. चिकण कण हे दगडाची झीज होऊन रासायनिक बदलातून नव्याने बनलेली खनिजं असतात, पातळ पापुद्र्यांसारखी. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून ते पाणी धरतात, कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात. गाळ यातलं जवळपास काहीच करत नाही.

पृष्ठभागाचा हिशोब स्वतः करून बघ. १ मिमी बाजूचा घन घे. सहा बाजू, ६ चौ. मिमी. आता त्याचे ०.००१ मिमी बाजूचे तुकडे कर. शंभर कोटी तुकडे होतात आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६००० चौ. मिमी. माती तेवढीच, पाण्याला चिकटायला जागा हजारपट. आणि चिकण कण पापुद्र्यांसारखे असल्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त. केओलिनाइट हे खनिज ग्रॅमला १० ते ३० चौ. मीटर देतं, तर मॉन्टमोरिलोनाइट, जे पाण्याने फुगतं आणि वाळल्यावर भेगा पाडतं, ते ग्रॅमला ७००-८०० चौ. मीटरपर्यंत जातं.

प्रश्नचिन्ह
एका ग्रॅमला?? म्हणजे चिमूटभर मातीत एक मोठं मैदान!

मायक्रॉन
हो, आणि म्हणूनच आम्ही बारीक माती नुसत्या आकारावरून ओळखत नाही. अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजून वापरतो. ओली माती काचेवर तळहाताने वळून ३ मिमी जाडीची दोरी करायची. त्या जाडीला येताना ती चिरायला लागते तेव्हा तिच्यात जेवढं पाणी असतं, ती तिची आकार्यता मर्यादा. गाळाची धड दोरीच होत नाही.

घरी करण्यासारखी आणखी एक परीक्षा सांगतो. ओल्या मातीची वडी तळहातावर ठेवा आणि तो हात दुसऱ्या हाताने बाजूने हलके ठोका. वडीच्या पृष्ठभागावर पाणी येऊन चकाकी दिसली आणि दाबल्यावर ती चकाकी नाहीशी झाली, तर गाळ. कितीही ठोकलं तरी वडी ढिम्म, तर चिकण. पहिल्यांदा ती चकाकी येऊन जाताना बघितली तेव्हा मी तीच वडी पंधरा-वीस वेळा ठोकत बसलो होतो.

कुंभचाक
आमच्या भांडीकामात याहून सोपं आहे. सुपारीएवढा गोळा जरा सुकू द्यायचा आणि नखाने घासायचा. नखाखाली आरशासारखी चकचकीत रेघ उमटली की चिकण भरपूर. रेघ मंद राहिली की गाळ जास्त. आणि जुने लोक दाताखाली कण धरून बघायचे. वाळू कचकन लागते, गाळ बारीक किरकिरतो, चिकण नुसतं मऊ. बोटांना जी किरकिर कळत नाही ती दातांना कळते.

नवपालवी
दाताखाली माती कृपा करून कोणी घेऊ नका. मातीत जंतांची अंडी असतात, जंतू असतात, जुन्या रंगांमधलं शिसं असू शकतं. लहान मुलंही हा धागा वाचून करून बघतील.

कुंभचाक
बरोबर आहे. मीही करत नाही, पद्धत म्हणून सांगितली. त्याऐवजी कानाशी धरून बोटांत चोळा. वाळू असेल तर आवाज येतो. बारीक वाळू बोटांना कळायच्या आधी कानाला कळते.

तळहात
कानाची युक्ती शंभर टक्के खरी. आमच्या वहीत तिची जागा नव्हती, पण खड्ड्यात सगळेच करायचे.

काचबरणी
बरणीची बाजू घ्यायला मी आले आहे. प्रयोगशाळेत शिकवते, आणि बरणीवर उगाच आळ येतोय असं मला वाटतं. तिच्यामागे पक्का नियम आहे. पाण्यात बारीक कण किती वेगाने खाली जातो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं, हा स्टोक्सचा नियम. कण दहापट लहान, तर वेग शंभरपट कमी. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात ०.०५ मिमीचा कण १० सेंमी खाली जायला सुमारे ४५ सेकंद घेतो. ०.०२ मिमीचा साडेचार मिनिटांच्या आसपास. आणि ०.००२ मिमीचा? पावणेआठ तास! पाणी ३० अंशांचं असेल तर तोच कण सुमारे सहा तासांत पोचतो, कारण गरम पाणी पातळ असतं. म्हणून तापमान लिहिल्याशिवाय आम्ही निरीक्षण पुरं धरत नाही.

आता ताई, तुमच्या पोस्टमधलंच वाक्य बघा. अर्ध्या तासात पाणी नितळ! चिकण कण १० टक्के असोत नाहीतर २ टक्के, ते सुटे असते तर अर्ध्या तासात पाणी नितळ होणं शक्यच नाही. म्हणजे ते तिथे होते, पण सुटे नव्हते. पाण्यात तुम्ही काय घातलं होतं?

पाऊलवाट
काहीच नाही. साधं पाणी. काहींनी कपडे धुण्याची पावडर घाला असं लिहिलं होतं, पण मला वाटलं ते फक्त फेसासाठी असेल म्हणून टाळलं.

काचबरणी
इथेच चोर सापडला. ती पावडर फेसासाठी नसते, कण सुटे करण्यासाठी असते. मातीत चुना असला की कॅल्शियम चिकण कणांना एकमेकांशी बांधतं. त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके गाळाच्या, कधी वाळूच्या वेगाने खाली बसतात. तुमच्या तळाच्या ६ सेंमीत वाळूचं सोंग घेतलेली चिकणमाती बसली आहे. प्रयोगशाळेत सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट वापरतात. ते कॅल्शियमला बाजूला धरतं आणि त्याच्या जागी सोडियम येतं, मग कण एकमेकांना दूर ढकलतात. घरी धुण्याचा सोडा चालेल. लिटरभर पाण्याला चमचाभर. माती रात्रभर त्यात भिजू द्या, सकाळी दहा मिनिटं हलवा. आणि ते पाणी नंतर झाडांना घालू नका, सोडियम मातीची घडण बिघडवतं.

त्याआधी चुना आहे का बघा. वाळलेल्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. आम्ल हाताळणारं माणूस जवळ असेल तरच, हातमोजे आणि चष्मा घालून.

तळहात
शाबास. हेच लाल मातीतही होतं, फक्त तिथे बांधणारं लोह असतं. हातात घेतली की रवाळ वाटते, नवखा माणूस 'वाळूसर' लिहून मोकळा होतो. चार-पाच मिनिटं मळत राहिलं की तीच माती बोटांना धरायला लागते, कारण मळताना ते दाणे फुटतात. मी घड्याळ लावा म्हणतो ते यासाठी. माझ्या पहिल्या वर्षी एक अख्खा खड्डा मी चुकीचा लिहिला होता. वरिष्ठांनी काही न बोलता तीच माती माझ्या हातात दिली आणि 'मळत राहा' एवढंच सांगितलं.

ढेकूळ
वाळूचं सोंग घेतलेली चिकणमाती! रंगाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण ताई, चिकण निघालीच तर त्यात दोन-चार टोपल्या वाळू मिसळा, पोत सुधारेल.

नवपालवी
नको नको! हा सल्ला ऐकून माझा वाफा कायमचा बिघडलाय. चिकणमातीत थोडी वाळू घातली की चिकण कण वाळूच्या दाण्यांमधल्या सगळ्या फटी भरून टाकतात. वाळल्यावर अक्षरशः वीट होते. कुदळ मारली तर ठिणगी उडेल असं ते झालंय.

मायक्रॉन
नवपालवींना अनुमोदन, आणि आकडेही बघा. समजा चिकण ४५ टक्के आहे आणि ते २० वर आणायचं आहे. म्हणजे १ भाग मातीला सव्वा भाग वाळू हवी. एका चौरस मीटरमध्ये २० सेंमी खोलीपर्यंत साधारण २६० किलो माती असते. त्यात ३२५ किलो वाळू लागेल. एका चौरस मीटरला! दोन-चार टोपल्यांनी काय होणार?

ढेकूळ
पण 'पोत सुधारला' असं आपण सर्रास म्हणतो ना? शेणखत घातलं की जमिनीचा पोत सुधारतो. ते सगळं चूक?

तळहात
चूक नाही, शब्द दोन अर्थांनी फिरतो. बोलताना पोत म्हणजे जमिनीचा कस, तिचा एकूण भुसभुशीतपणा, सगळंच. मृदाशास्त्रात पोत म्हणजे फक्त वाळू-गाळ-चिकण यांचं प्रमाण, आणि ते माणसाच्या हयातीत बदलत नाही असंच धरून चाला. कंपोस्टने बदलते ती घडण. कण कसे एकत्र येतात, ढेकूळ कसं फुटतं, मधे फटी किती राहतात. चिकणमाती चिकणमातीच राहते, पण रवाळ होते, पाणी आत घेते, वापसा (काम करण्याजोगी ओल) लवकर येतो. तुम्ही जे डोळ्यांनी बघितलंत ते खरंच आहे, त्याचं शास्त्रातलं नाव वेगळं एवढंच.

ढेकूळ
हे असं कोणी आधी समजावलं नव्हतं. मनापासून आभार. आणि हो, टोपणनाव बदलत नाही, कारण घडण बघायची तर ढेकूळच लागणार!

शेवाळ
ढेकूळ, आता तुम्ही आमच्यासाठी नमुना क्रमांक एक :)

प्रश्नचिन्ह
थोडं अवांतर. कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी खडे घालतात, ते या आकारांच्या नियमात बसतं का?

मायक्रॉन
अवांतर नाही, अगदी याच विषयातलं आहे. बारीक फटी पाणी ओढून धरतात, मोठ्या फटी धरत नाहीत. वर बारीक माती आणि खाली एकदम जाड खडे असले की पाणी त्या सीमेवर येऊन थांबतं. वरची माती जवळजवळ पूर्ण भिजल्याशिवाय खाली खड्यांत उतरतच नाही. म्हणजे खडे घातल्याने चिंब थर वर सरकतो, मुळांच्या जवळ येतो. निचऱ्यासाठी तळाला भोक हवं आणि आख्ख्या कुंडीत एकसारखं भुसभुशीत मिश्रण हवं.

नवपालवी
माझ्या अर्ध्या कुंड्या आता उकराव्या लागणार. पण सांगितलंत ते बरं झालं.

पाऊलवाट
आले परत, चार दिवसांनी. काचबरणींनी सांगितलं तसं सगळं केलं.

आम्लाचा थेंब शेजारच्या रसायनशास्त्राच्या शिक्षिकांनी टाकला. ढेकूळ फसफसलं, आवाजही आला. चुना आहे.

माती सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी हलवली, टेबलावर ठेवून घड्याळ लावलं. एका मिनिटात तळाला २ सेंमी थर, हा खराखुरा वाळूचा. यावेळी दाणे वेगळे दिसत होते, प्रत्येकावर उजेड चमकत होता. आधीच्या बरणीत तळ मातकट होता, ते तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. आठ तासांनी त्यावर आणखी ३ सेंमी. वरचं पाणी मात्र गढूळच. रात्री बघितलं, गढूळ. दुसऱ्या दिवशी सकाळी, गढूळ. बरणीमागे बोट धरलं तरी दिसेना. तिसऱ्या दिवशी वरून हळूहळू उजळायला लागलं तरी खाली दाट होतंच, शेवटी त्यात थोडं मीठ टाकून बसवलं. वरचा थर भरला साडेपाच सेंमी, सायीसारखा मऊ. एकूण साडेदहा.

म्हणजे वाळू १९ टक्के, गाळ २९, चिकण ५२. तीच माती, तीच बरणी!

काचबरणी
किती छान केलंत! वाळूचा तळ चमकला हे तुम्ही टिपलंत, त्याचा मला फार आनंद झाला.

एक दुरुस्ती. चिकण थर बसतो तेव्हा त्यात पाणी खूप अडकलेलं असतं, तो सैल असतो. म्हणून उंचीवरून काढलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्तच येतो. ५२ वर ठाम राहू नका, ४० ते ५० धरा. नेमकं हवं असेल तर प्रयोगशाळेत हायड्रोमीटरने काढून घ्या. १९२७ मध्ये बॉयूकोस यांनी ही पद्धत मांडली. मिश्रणात काचेचा तरंगता मापक सोडतात. पाण्यात कण जितके जास्त तरंगत असतील तितका तो वर राहतो. वाळू बसल्यावर एकदा आणि गाळ बसल्यावर पुन्हा वाचतात. वजनाचा हिशोब मिळतो, उंचीचा नाही.

तळहात
ताई, आता एक काम करा. त्याच जागी फावड्याने गुडघाभर खोल खणा आणि प्रत्येक थराची पट्टी काढून बघा. तुम्ही आतापर्यंत फक्त वीतभर खालची माती बघितली आहे. पाणी साचतं त्याचं अर्धं कारण खाली असतं.

पाऊलवाट
खणलं. आणि प्रयोगशाळेचा अहवालही आला. वाळू २२, गाळ ३३, चिकण ४५. काका, तुमच्या बोटांनी लांबूनच बरोबर सांगितलं होतं.

खड्ड्यात ३५ सेंमीपर्यंत हीच माती. नंतर एकदम रंग फिका, रवाळ, खडे मिसळलेली. पट्टी निघतच नाही, गोळाही हातात फुटतो. चार मिनिटं मळली, कानाशीही धरली, चांगलाच आवाज येतो. म्हणजे ही खरी वाळूच ना? मग माझा उलटा गोंधळ झालाय. खाली एवढी निचऱ्याची माती असताना वर पाणी का थांबतं?

प्रश्नचिन्ह
कुंडीतले खडे!!

मायक्रॉन
अगदी तेच. वर बारीक, खाली एकदम जाड. तुमचा तुकडा म्हणजे तळाशी खडे घातलेली मोठी कुंडी आहे.

तळहात
प्रश्नचिन्हाला पैकीच्या पैकी. फक्त क्रम लक्षात ठेवा. पृष्ठभागावर पाणी उभं राहतं ते चिकणमाती पाणी सावकाश आत घेते म्हणून, त्यात वरची माती पायाखाली दबलेली असेल तर आणखी सावकाश. सीमेमुळे होतं ते हे, की आत गेलेलं पाणी खाली उतरत नाही आणि वरचा थर दिवसेंदिवस चिंब राहतो. दोन्ही मिळून तुमचं डबकं तयार होतं.

वापसा येईपर्यंत त्यात पाऊल टाकू नका आणि खणूही नका. ओल्या चिकणमातीवर चालणं म्हणजे तिच्या फटी स्वतःच्या हाताने बुजवणं. मूठभर माती घेऊन दाबा. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर काम करा, नुसता खड्डा पडला तर थांबा.

पाऊलवाट
सध्या टोचलं की खड्डाच पडतोय, म्हणून थांबलेय. वापसा आला की वाफे जमिनीपेक्षा वीतभर उंच करणार, कंपोस्ट वरच्या थरात मिसळणार, वाळू एक टोपलीही नाही. वाफ्यांमधून चालायला फळ्या टाकणार.

दोन्ही बरण्या खिडकीत शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. डावीवर 'साधं पाणी' आणि उजवीवर 'सोडा' असं लिहिलंय. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो की या दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या माती आहेत का.